संगप्पांच्या मापाची समाधी

परवापासून संगप्पांच्या वहाणा सापडत नव्हत्या, आणि त्या सापडेपर्यंत घरातल्या कुणालाही सुखानं चहा पिता येईल अशी चिन्हं नव्हती.

वहाणा साध्यासुध्या नव्हत्या. संगप्पांच्या पायाचं माप कुठल्या दुकानात मिळत नसे. उदगीरचा एक कारागीर दर वर्षी त्यांच्यासाठी म्हणून चामडं राखून ठेवायचा आणि दोन जोडांच्या चामड्यात एक जोड करून द्यायचा. लातूरच्या आडत बाजारात दुकानाच्या पायरीवर त्या वहाणा दिसल्या की शेठ गादीवर आहेत हे लांबूनच कळे. आता तेच संगप्पाशेठ पुतण्याच्या रबरी चपलांत पाय अडकवून, निम्मी टाच जमिनीवर घासत, कवठाळी गावी भावाच्या अंगणात येरझारा घालत होते.

"चोर घरात शिरला, मान्य हाय," ते म्हणाले. "पर हंडा न्हाई नेला, घागर न्हाई नेली. माझ्याच वहाणा कशापाई?"

"घागरी रिकाम्याच हायत, काका," पुतण्या सिद्धेश्वर म्हणाला. "नेऊन काय करंल?"

चुलीपुढं बसलेल्या त्याच्या आईनं, उमाबाईनं, काटकी आत सारली आणि पदर आणखी पुढं ओढला. थोरल्या दिराशी ती लग्न झाल्यापासून कधी समोरासमोर बोलली नव्हती, आणि आज तर तिला बोलायला तोंडच नव्हतं. घरात वहाणांचा एक जोड तिनं स्वतः लपवला होता. तो संगप्पांचा नव्हता, एवढंच. तो तिच्या नवऱ्याचा, शिवलिंग गुरुजींचा होता, आणि माजघरातल्या रिकाम्या कणगीच्या तळाशी पोत्याखाली पडून होता.

लपवला नसता तर गुरुजी केव्हाच निसटले असते. दुष्काळाचं दुसरं साल चाललं होतं. गावातली निम्मी घरं रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम करायला जात होती, आणि आईबापांमागं पोरंही. शाळेत मास्तर हजेरी घ्यायला बसे आणि भिंतींची हजेरी घेऊन घरी जाई. पस्तीस वर्षं ज्या शाळेत शिकवलं तिची ही गत गुरुजींनी ऐकली, आणि निवृत्त होऊन वर्ष झालेला, पोटात अन्न न ठरणारा हा माणूस बाजेवर उठून बसला. तळं आपल्याच रानाला लागून आहे, मी तिथं जाऊन पोरांना शिकवतो, म्हणाला. त्याच दुपारी उमाबाईनं वहाणा कणगीत टाकल्या.

गुरुजींना कावीळ झाली होती. म्हणजे तसं घरानं ठरवलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सिद्धेश्वरला बाजूला घेऊन पोटातल्या गाठीचं सांगितलं होतं, पावसाळा निघेल असं वाटत नाही, घरी न्या आणि मागतील ते खायला द्या, असंही सांगितलं होतं. पण घरी येईतो त्या गाठीची कावीळ झाली. लेक महानंदा अर्धापूरहून आली ती उंबऱ्यातच ठाण मांडून बसली, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडण्याआधी "कावीळ म्हणायचं हां" असं बजावू लागली. लोक आत जाऊन कावीळ म्हणत आणि डोळे पुशीत. गुरुजी सगळ्यांचं ऐकून घेत. गृहपाठ विसरलेल्या पोरांची तोंडं पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता; त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मात्र जो भेटायला येई त्याला ते जाता जाता सवायकीतला एखादा पाढा विचारत. महानंदाच्या सासरची दोन मोठी माणसं त्या पायी चहा न घेता उठली होती.

आज सगळे जमले होते ते गुरुजींना कुठं ठेवायचं हे ठरवायला.

"लातूरला," सिद्धेश्वर म्हणाला. तो नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होता, आणि जिल्हा झाल्यापासून तो वाळूत पाणी शिंपडावं तसा प्रत्येक वाक्यात 'जिल्हा' शिंपडत असे. "आता जिल्ह्याचं ठिकाण हाय, आप्पा. शिविल सर्जन हाय. माझ्या हापिसातली मंडळी येऊन भेटून जातील."

"त्यांना भेटायचं आसंल तर त्यांनी आजारी पडावं," महानंदा म्हणाली. "आप्पा माझ्याकडं येतील. आमच्या अर्धापूरला बागायत हाय, गारवा हाय. केळी हायत."

"केळी हायत हे आमाला कळलंय," सिद्धेश्वर म्हणाला. महानंदानं येताना आख्खा घड आणला होता, आणि गेले चार दिवस घरात माणसं कमी आणि सालं जास्त दिसत होती.

"लातूर," संगप्पांनी अंगणातून निकाल दिला. "माझं दुकान तितं हाय, मी बघंन. उगाच खेचाखेच नगं."

"मला कुणी इचारणार हाय का?" ओसरीतल्या बाजेवरून गुरुजींनी विचारलं.

आजारी माणसाला विचारत बसायची पद्धत त्या घरात नव्हती.

"मला लातूर नगं, अर्धापूर नगं. मला आपल्या रानापर्यंत जायचंय. माझ्या वहाणा तेवढ्या द्या."

"तुमच्या बी गेल्या काय?" संगप्पा थबकले. "बघा, मी म्हनलो न्हव चोर हाय म्हनून."

उमाबाईनं फुंकणी उचलली आणि चांगली पेटलेली चूल पुन्हा फुंकायला घेतली. तिला कुणी विचारलंच नव्हतं की तिला काय हवं आहे. लातूर झालं तर सून आणि कचेरी, अर्धापूर झालं तर लेकीचं सासर, तळं झालं तर आख्ख्या गावाची पोरं. तिला तो माणूस तिच्या ओसरीत, तिच्या चुलीवरून दिसेल असा हवा होता. जेवढे दिवस उरले तेवढे सगळे हवे होते.

एवढ्यात शेषेराव आला.

शेषेराव हा घरचा सालगडी. डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेला, हातांना फोड आलेले, आणि छातीशी पटक्यात गुंडाळलेलं काहीतरी. तो पायरी चढला, गुरुजींच्या बाजेच्या पायथ्याशी वाकला आणि पटका सोडून संगप्पांच्या वहाणा अदबीनं खाली ठेवल्या.

"झालं, शेठ," तो अंगणाकडं बघून म्हणाला. "नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. तीन पायऱ्या. कोनाडा उगवतीकडच्या भिताडात. गुरुजीच्या वहाणांनी मोजलं, तुमी म्हनलाव तसं."

लिंगायताच्या घरात नऊ आणि पाच पावलांचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत. रानात चौकोनी खड्डा घेतात, उतरायला पायऱ्या ठेवतात, भिंतीत कोनाडा कोरतात आणि मांडी घालून, हातात लिंग देऊन त्याला तिथं बसवतात. आणि कवठाळीची चाल अशी, की समाधीचं माप ज्याची समाधी त्याच्याच पावलानं घ्यायचं, दुसऱ्याच्या नाही. मेलेला माणूस चालत येऊन माप देत नाही म्हणून त्याची वहाण नेतात.

"ह्या..." संगप्पा रबरी चपला घासत पायरीशी आले. "ह्या माझ्या हायत."

शेषेरावनं वहाणांकडं पाहिलं, मग शेठच्या पायांकडं.

"तुमीच म्हनलाव, गुपचूप बाजेच्या पायथ्याच्या उचल. तितं ह्याच व्हत्या. मोठ्या दिसल्या खऱ्या," तो म्हणाला. "पर मला वाटलं, एवढा शिकल्याला मानूस, पाय बी तसाच आसंल."

परवा सकाळी संगप्पा भावाशेजारी बसले होते आणि वहाणा तिथंच काढल्या होत्या. गुरुजींच्या तिथं असत्या तर शेषेरावनं त्याच उचलल्या असत्या. त्या कुठं होत्या हे फक्त उमाबाईला ठाऊक होतं.

पहिला आवाज आला तो हसण्याचा. गुरुजी पोट दाबून धरत होते, दुखतंय म्हणून कळवळत होते आणि हसत होते. दोन महिन्यांत ते असे हसले नव्हते.

ते हसणं ऐकलं आणि उमाबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली. ती उठली, ओसरीत आली, आणि पदर डोक्यावर आहे की नाही हे न बघता थोरल्या दिरासमोर उभी राहिली.

"आण्णा, मानूस जित्ता हाय," ती म्हणाली. "हितं बसून चहा पिऊन राहिलाय. अन् तुमी त्याचा खड्डा खोदून घेतलाव?"

महानंदानं तोंडावर हात घेतला. आव्वा, तिची आई, काकांशी बोलली हेच तिला आधी खड्ड्यापेक्षा मोठं वाटलं.

संगप्पांनी उत्तर दिलं ते चपलांकडं बघत. "बाप गेला तवाचं आठव, उमाबाई. बहात्तरचा दुष्काळ. रान लोखंडावानी झालं व्हतं. पहारी वाकल्या, मानसं थकली, अन् खड्डा काय व्हईना. बापाला आमी भिताडाला टेकून बसवला अन् वाट बघत राहिलो. त्या उन्हाळ्यात. वास यायला लागला, उमाबाई. बापाचा. तवाच मी ठरवलं, शिवलिंगाची अशी आबाळ व्हऊ द्यायची न्हाई. यंदा रान तसंच हाय. म्हनून म्हनलं, आधीच इंतजाम करावा."

बोलता बोलता त्या आडदांड माणसाचे डोळे भरून आले, आणि उमाबाईला रागही धरून ठेवता येईना. भावावर असा जीव टाकणारा माणूस भेटणं कठीण, आणि असलं खूळ करणारा त्याहून कठीण.

"आण्णाचं काही चुकलं न्हाई," गुरुजी श्वास सावरत म्हणाले. "फक्त कावीळ झालेल्या माणसासाठी जरा घाई झाली."

मग मात्र महानंदा हुंदके देऊन रडायला लागली, सिद्धेश्वर छताकडं बघू लागला, आणि कावीळ त्या घरातून गेली ती परत आली नाही.

"बुजवून टाका तो," संगप्पा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बुजवा."

"स्वामींना इचारल्याबिगर?" गुरुजींनी विचारलं.

गावचे मठपती गुरुपादय्या स्वामी आले. लग्न असो की मरण, लिंगायतांच्या घरी त्यांचा शब्द शेवटचा. ते आले तेव्हा संगप्पांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, सिद्धेश्वरनं पाट मांडला. स्वामी पाटावर बसले, समोर बाजेवर गुरुजी दिसले, आणि स्वामींची पाठ आपोआप ताठ झाली. तिसरी आणि चौथी ते ह्याच माणसाच्या हाताखाली शिकले होते, आणि पाउणकीच्या पाढ्यापायी त्यांनी जेवढा मार खाल्ला तेवढा पूर्वी कुठल्या जंगमानं खाल्ला नसेल.

स्वामींनी सगळं ऐकलं, डोळे मिटले. "घेतलेली समाधी रिकामी बुजवायची चाल न्हाई," ते म्हणाले. "ज्याच्या मापाची घेतली, तो तीत बसल्याबिगर ती निवत न्हाई. मग ती बोलावती."

संगप्पा पायरीवर खालीच बसले. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग स्वतःची नाडी धरली, मग ती सापडेना म्हणून दुसऱ्या मनगटाची धरली.

"काका, ह्या समद्या जुन्या गोष्टी हायत," सिद्धेश्वर म्हणाला. "आता जिल्हा झाला आपला." आणि असं म्हणता म्हणता तो काकांपासून दोन हात लांब सरकला.

"गुरुपादय्या," गुरुजी म्हणाले.

"जी, गुरुजी."

"ज्याच्या मापाची त्यानंच बसलं पाहिजे, का भाऊ चालतो?"

स्वामींनी विचार केला. "सख्खा भाऊ चालंल. रगत एकच हाय."

"बरं. बसणारा मेलेलाच पाहिजे, असं कुठं सांगितलंय का?"

उत्तर येत नसताना पूर्वी जसे खिडकीबाहेर बघायचे तसे स्वामी अंगणाकडं बघू लागले.

"सावकाश सांग. घाई न्हाई."

"मेलेलाच, असं... न्हाई सांगितल्यालं."

"म्हंजे जिता चालंल?"

"चालंल, गुरुजी."

"मग मी बसतो," गुरुजी म्हणाले. "रोज सकाळी जाऊन बसतो. पण नुसता बसून काय करू? तळ्यावरची पोरं घेऊन बसंन. तिसरीची वजाबाकी लई कच्ची हाय म्हणं."

आता कुठं घराच्या लक्षात आलं की गुरुजी कुठं निघाले होते. पण ज्यांनी हरकत घ्यायची तेच आधी उठले.

"माझा भाऊ हितनं हलणार न्हाई," संगप्पा म्हणाले. "लातूर न्हाई, अर्धापूर न्हाई. रोज त्या खड्ड्यात बसंल."

"काका, आत्ताच तर तुमी लातूर म्हनलाव," सिद्धेश्वर म्हणाला.

"लातूरला काय हाय? धूळ अन् जीपगाड्या."

"उन्हात मरतील आप्पा," महानंदा म्हणाली.

"खाली कुठलं ऊन? जमिनीच्या पोटात गारवा असतो. तुझ्या अर्धापूरपेक्षा गार. वर कडब्याचं छप्पर मी घालतो. बैलगाडी मी हाकतो. रोज मी सोडतो, मी आणतो, सगळा जिम्मा माझा." आणि आवाज उतरवून, "फकस्त खाली मला उतरायला सांगू नका," ते म्हणाले.

महानंदा आणि सिद्धेश्वर एकमेकांकडं बघू लागले. चार दिवस भांडणारी ती दोघं भावंडं काकांविरुद्ध एक झाली खरी, पण स्वामी पाटावर बसलेले आणि काका रडवेले. त्यांचा टिकाव लागला नाही. शेवटी सगळ्यांनी उमाबाईकडं पाहिलं. तिनं नको म्हटलं असतं की मिटलं असतं, हे सगळ्यांना कळत होतं.

ती माजघरात गेली.

जरा वेळानं भिंत धरत धरत गुरुजी आत आले आणि कणगीशेजारी जमिनीवर बसले.

"ह्याच्यात हायत न्हव?" त्यांनी कणगीवर हात ठेवला.

"तुमाला ठावं व्हतं?"

"पोरगं दुसऱ्याची पाटी जिथं लपवतं तिकडं बघत न्हाई. तू आठ दिवस झाले कणगीकडं पाठ करून धान्य निवडतीस."

"मग माझ्याकडं मागितल्याव का न्हाई?"

"तू देशील म्हणून थांबलो."

उमाबाई जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग तिचा बांध फुटला. "लग्न झालं तवा पोरगी व्हते. सकाळी तुमी शाळेत, सांजच्याला शिकवणीची पोरं ओसरीत. परीक्षा आली की घरात पाहुण्याच्या पोरांची रांग. मी म्हनलं, असू दे, एक दिवस संपंल. निवृत्त झालाव, अन् मी देवाला नारळ फोडला. लगेच हे दुखणं. मला वाटलं, दुखण्याच्या निमतानं का व्हईना, आता तरी तुमी माझे. शेवटचे एवढे दिवस बी मी त्यांनाच देऊ?"

गुरुजींनी तिचा रेघा ओढणारा हात हातात घेतला.

"तुझं खरं हाय," ते म्हणाले. "मी तुझा लई वेळ घेतला अन् परत न्हाई दिला. पण एक सांगतो, उमे. हितं बाजेवर पडलो की मला सारखं दिसतं, मी मरून राहिलोय. येणारा जाणारा तेच बघून राहिलाय. पोरांपुढं बसलो तर मी शिकवून राहीन. मरणं व्हईल त्याच्या त्याच्या वेळंला. मला भ्या वाटतं, उमे. पोरांपुढं न्हाई वाटणार. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई जाणार. शपथ."

भीती वाटते असं तो माणूस आजवर कधी बोलला नव्हता. उमाबाईनं कणगीत हात घातला, पोतं बाजूला केलं, आणि वहाणा काढून त्याच्या पायांत घातल्या. त्या ढिल्या झाल्या होत्या. पाय इतके वाळले होते हे तिनं पाहिलं, जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि दोन्ही वहाणा त्याच्या पायांना बांधून दिल्या.

गाडी खरंच संगप्पांनी हाकली. मागं महानंदा, सिद्धेश्वर, स्वामी, सगळी वरात. रान भेगाळलं होतं. पलीकडं तलावाच्या भिंतीवर माणसांची रांग टोपल्या घेऊन चढत उतरत होती, आणि त्यांची पोरं एका वाळक्या बाभळीच्या जाळीदार सावलीत दाटीवाटीनं बसली होती.

खड्डा मोठा होता. शेषेरावनं संगप्पांच्या पायाशी इमान राखलं होतं. काळ्या मातीच्या चारही भिंती फावड्यानं तासून गुळगुळीत केल्या होत्या. गुरुजी शेषेरावचा हात धरून तीन पायऱ्या उतरले, खाली गेले आणि कोनाड्यात मांडी घालून बसले.

"आण्णा, ऐसपैस हाय," त्यांनी आवाज दिला.

"मला नगं सांगू," गाडीजवळून संगप्पा म्हणाले. ते बैलांच्या मागं उभे होते.

उमाबाई काठावरून खाली बघत होती. ताठ पाठ, मांडी, हात मांडीवर. अगदी तसंच बसवतात. उठा म्हणून ओरडावं असं तिला वाटलं, आणि ती ओरडलीही असती. पण तेवढ्यात गुरुजींनी पायाशी पडलेला चुनखडीचा खडा उचलला, शेजारच्या काळ्या भिंतीवर एक रेघ ओढून पाहिली, आणि रेघ पांढरीशुभ्र उमटली तसे ते स्वतःशीच खूश झाले.

पोरं गाडी बघून आली होतीच. सगळ्यांत पुढं रुद्राणी, तिसरीतली, काखेत धाकटी बहीण. ती काठाशी आली आणि वाकून बघू लागली.

"गुरुजी, तुमी मेलाव का?"

"अजून न्हाई."

"मग हितं का बसलाव? हितं मेल्यावर बसत्यात."

"हाव. मी जरा लवकर आलो. वेळेआधी येऊन बसावं, असं तुमालाच सांगत आलो न्हव मी?"

रुद्राणीला हे पटलं. ती बहिणीला सावरत पायऱ्या उतरली, आणि ती उतरली म्हणून बाकीची उतरली. तीन पायऱ्या भरल्या, खालची जमीन भरली. आत गार आहे हे कळल्यावर तर वरून आणखी पोरं घसरत आली. संगप्पांच्या पायाचा मोठेपणा त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आला.

गुरुजींनी भिंतीवर वजाबाकी घातली. हातचा घेताना चुकणाऱ्याला पुन्हा घ्यायला लावला, बरोबर आलेल्याला नुसतं "हं" म्हटलं. त्यांचा आवाज बाजेवर होता त्याच्या दुप्पट निघत होता. मधे दोनदा ते थांबले, पोट दाबून धरलं, आणि पोरं आपोआप गप्प बसली.

"गुरुजी," रुद्राणीनं विचारलं, "पुढच्या साली चौथीला बी तुमीच येणार का?"

काठावर महानंदानं सिद्धेश्वरचा दंड धरला. पुढच्या सालाचं नाव घरात दोन महिने कुणी काढलं नव्हतं.

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "पुढच्या साली मी नसणार. मला पोटाचा आजार झालाय, तो बरा व्हत न्हाई. त्यात मी मरणार हाय. म्हणून तिसरीचं समदं आत्ताच पक्कं करून घ्यायचं. तुमची वजाबाकी कच्ची ठेवून मी जाणार न्हाई."

रुद्राणीनं जरा विचार केला.

"मग उद्या लवकर यायचं का?"

"लवकर या."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीवरचा हातचा मोजू लागली.

उमाबाईला वाटत आलं होतं, हे कुणी तोंडानं बोललं तर आभाळ कोसळेल. आभाळ होतं तिथंच होतं. तिला रडू आलं ते तिनं अडवलं नाही. सगळ्यांदेखत, पदर न लावता ती रडली. कुणी तिच्याकडं पाहिलं नाही, आणि खाली शिकवणं चालूच राहिलं. घरी बाज रिकामी होती, चूल विझली असेल. तिचा माणूस इथं होता. मग आपण वर उभं राहून काय करतोय, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं लुगडं सावरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आव्वा?" महानंदा म्हणाली. उमाबाईनं मागं पाहिलं नाही.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. पुढं पाय ठेवायला जागा नव्हती.

"काकू, तुमी कितवीत?" रुद्राणीनं विचारलं.

उमाबाईचं माहेर भालकीचं. कानडी दुसरीपर्यंत शिकली होती. मराठी अक्षर तिला एकही लागत नव्हतं.

"पहिलीत," ती म्हणाली.

पोरं खिदळली. गुरुजी भिंतीवर काहीतरी लिहीत होते, त्यांनी वळून पाहिलं. खडा हातात तसाच राहिला. मग उशिरा आलेल्या कुठल्याही पोराकडं बघावं तसं त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"वर्ग केव्हाच सुरू झालाय," ते म्हणाले. "मागनं आलेल्यानं विचारून बसायचं असतं."

वर लेक होती, मुलगा होता, स्वामी होते, आणि बैलांमागून थोरले दीरही मान वर करून बघत होते. उमाबाईनं हात समोर घेतले.

"येऊ का, गुरुजी?"

"ये," ते म्हणाले. हातातला खडा खाली ठेवून त्यांनी पुन्हा म्हटलं, "ये, ये."

रुद्राणीनं बहिणीला दुसऱ्या काखेत घेतलं आणि सरकून जागा केली.